भिमाजी राऊतांचं ताट

इंदापूरची मंडळी दुपारी जेवायला येणार होती आणि सोपान बनकराचं सकाळपासून एका जागी बूड टेकत नव्हतं. अंगण झाडून झालं, सडा झाला, वाळल्यावर पुन्हा झाडून झालं. पाहुण्यांना आणायला बारामतीच्या स्टँडवर छकडा कधीच रवाना झाला होता. तरी तो मळ्याच्या वाटेने बांधापर्यंत जायचा, कपाळावर हात धरून बारामतीहून कन्हेरी गावात येणाऱ्या रस्त्याकडे बघायचा आणि परत यायचा. त्याच्या बायकोने, भागूबाईने, पुरण वाटता वाटता हे सगळं पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ठाऊक होतं, की सोपानच्या पोटात काही लपलेलं असलं की ते आधी त्याच्या पायांत उतरतं.

आणि या खेपेला लपलेलं थोडंथोडकं नव्हतं.

त्याचा धाकटा भाऊ कुंडलिक सरकारी शिष्यवृत्तीवर फळबागांचं शास्त्र शिकायला विलायतेला गेला होता आणि तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, परत आला होता. वडील गेल्यावर सोपाननेच त्याला लहानाचा मोठा केला, पुण्याला कॉलेजात घातलं, मुंबईच्या धक्क्यावर बोटीत बसवून दिलं. बोट दिसेनाशी झाली तेव्हा तो पोरासारखा रडला, पण बारामतीत उतरला तेव्हा त्याच्या चालण्याचा रुबाब काही वेगळाच होता. तिथून पुढे गुरुवारच्या बाजारात अडत्याच्या ओट्यावर वांग्यांच्या पाट्या उतरवल्या, की कुणी ना कुणी विचारायचंच, काय म्हणतोय इलायतेचा गडी? आता कुंडलिकच्या पत्रांत असायचं काय? थंडी फार आहे. मोसंबीला बहारासाठी पाणी तोडलं का. आईचे गुडघे कसे आहेत. एवढ्यावर ओट्यावरच्या माणसांचं भागत नव्हतं आणि सोपानचं तर मुळीच भागत नव्हतं. मग तो आपल्या पदरचं घालू लागला.

सुरुवात साधी होती. कुंडलिक कॉलेजात मोटारीने जातो, एवढंच. पुढच्या बाजाराला मोटारीला ड्रायव्हर आला. मग कुंडलिक जेवायला बसला की पांढरे हातमोजे घातलेले दोन गोरे त्याच्या मागे उभे राहू लागले. शेवटी एके दिवशी खुद्द विलायतेच्या राणीच्या बागेतलं डाळिंब वाळायला लागलं, तिथल्या मोठमोठ्या माळ्यांनी हात टेकले, आणि कन्हेरीच्या कुंडलिक बनकराला बोलावणं गेलं. ऐकणारे माना हलवायचे. त्यांना ते खरं वाटायचं की नाही देव जाणे, पण पुढच्या गुरुवारी ते पुन्हा विचारायला यायचे, आणि बाजारात बसणाऱ्या माणसाला परत येणारं गिऱ्हाईक सोडवत नाही.

या गोष्टी बारामतीतच राहिल्या असत्या तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण माल बाजारात येतो तसा बाजारातून पुढेही जातो. डाळिंबाची गोष्ट इंदापूरला पोचली. तिथल्या भिमाजी राऊतांची मोसंबीची बाग साऱ्या तालुक्यात नावाजलेली होती आणि त्यांची धाकटी लेक, झुंबर, लग्नाची होती. गेणूमामा मध्ये पडला. हा सोपानच्या आईचा, प्रयागबाईचा, भाऊ. त्याला दोन घरांच्या मध्ये पडल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. तुळशीचं लग्न लागलं, मुलगी बघून झाली आणि कुंडलिकला ती इतकी आवडली, की तेव्हापासून तो बांधावर एकटाच हसताना दिसायचा. आज राऊत घर बघणार होते, मुलाशी बोलणार होते आणि मनासारखं दिसलं तर जेवणानंतर सुपारी फुटणार होती.

बांधावरची शेवटची फेरी करून सोपान परत आला तो सरळ गोठ्यामागे गेला. कुंडलिक तिथे बैलांना वैरण टाकत होता.

"काल बोललो ते ध्यानात हाय न्हवं?"

"हाय, दादा."

"हाटेलाचं काढायचं न्हाय पावण्यांफुडं."

"न्हाय काढत म्हनलं की." कुंडलिकने हात झटकले. "पर दादा, मी काय चोरी केली का तितं?"

"चोरी केली असतीस तर निभावून न्हेली असती मी."

कुंडलिकला वाटलं भाऊ थट्टा करतोय. तो हसला. सोपान हसला नाही.

गेल्या आठवड्यात पाटाच्या कडेला बसून कुंडलिकने त्याला सगळं मोकळेपणाने सांगितलं होतं. त्याची खोली कशी होती, भिंतीतल्या भोकात नाणं टाकलं की शेगडी कशी पेटायची आणि नाणं संपलं की पांघरुणात शिरून कसं वाचावं लागायचं. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की सगळी पोरं कुठे ना कुठे कामाला जायची. कुंडलिक समुद्रकाठच्या एका गावात, एका बाईच्या खाणावळीवजा हॉटेलात लागला. सकाळ-संध्याकाळ लोकांना वाढायचं, ताटं उचलायची, मग आत जाऊन ती घासायची. त्या कमाईवर तो डोंगरांतले किल्ले बघून आला, जुनी देवळं बघून आला, एकदा समुद्र ओलांडून फ्रान्सात जाऊन लोखंडी मनोऱ्यावर जिन्याने चढून आला. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. "लोकांच्या ताटांवर मी त्यो मुलूख बघितला, दादा," असं तो म्हणाला होता. सोपानच्या कानात त्यातलं एकच राहिलं. उष्टी. आपल्या भावाने, बनकरांच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने, गोऱ्यांची उष्टी काढली. त्याने ते आईला सांगितलं नाही, भागूबाईला सांगितलं नाही. आणि आपण बाजारात काय काय सांगून ठेवलंय, ते कुंडलिकला सांगायचंही त्याला धाडस झालं नाही.

छकडा आला. भिमाजी राऊत उतरले, जाडजूड, सावकाश बोलणारे, डोक्याला पांढरा फेटा. त्यांच्याबरोबर चुलतभाऊ संभाजी आणि थोरली बहीण बनाबाई. बनाबाई लवकर विधवा होऊन माहेरी आलेली आणि झुंबरला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे सुपारी राऊतांच्या खिशात असली तरी होकार बनाबाईच्या पदरात होता. हे गेणूमामाने सोपानला आधीच कानात सांगून ठेवलं होतं. ती माजघराच्या उंबऱ्याशी घोंगडीवर टेकली, तिथून तिला बाहेरची पुरुषमाणसंही दिसत होती आणि आतली चूलही.

पाणी झालं, गूळ-शेंगदाणे झाले. भिमाजींनी मांडी सैल केली.

"मग कुंडलिकराव, त्ये राणीचं डाळिंब फुडं जगलं का?"

"कुठलं डाळिंब?" कुंडलिक म्हणाला.

सोपानला खोकला आला. गेणूमामा घाईने म्हणाला, "लई बोलत न्हाय त्यो. बढाई म्हनून न्हाय अंगात."

कुंडलिकने मामाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भाऊ आढ्याकडे बघत होता. मागच्या काही दिवसांत बाजारातले लोक आपल्याकडे बघून असे विचित्र आदराने का बाजूला होतात, ते कुंडलिकला तेव्हा कुठे उमगायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं.

"तितल्या थंडीत उघड्यावर डाळिंब धरत न्हाय," तो जपून म्हणाला. "काचंच्या घरात ठेवावं लागतंय."

"बघा," भिमाजी चुलतभावाला म्हणाले. "काचंचं घर बांधून जगवलं."

सोपानच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भाऊ खोटं बोलला नव्हता आणि त्याने खरंही सांगितलं नव्हतं. भावाला अशी कसरत आपल्यामुळे करावी लागतेय हे त्याला दिसत होतं. पण थांबवायचं कसं ते दिसत नव्हतं.

"राजवाडा बघितलास का खरा?" उंबऱ्यावरून बनाबाईने विचारलं.

"बघितला की, आत्या. कुंपणाच्या भाईरनं. पहाऱ्याचं शिपाई बदलत्यात तितं, त्ये बघाया ह्ये गर्दी. माझ्या बुटात पानी शिरल्यालं, पर जागा जाईल म्हनून हललो न्हाय. शिपायांच्या डोक्यावं अस्वलाच्या केसांच्या टोप्या, एवढाल्या."

"उन्हाळ्यात बी?" प्रयागबाईने विचारलं.

"उन्हाळ्यात बी, आय."

"उवा हुत असतील बिचाऱ्यांना."

सगळे हसले. बनाबाईसुद्धा हसली. मग कुंडलिक रंगला. धुकं असं पडतं की स्वतःचा हात शोधावा लागतो, हे सांगितलं. घरात अंघोळीचं घंगाळ एकच, त्यामुळे ज्याच्या त्याच्या वाराला अंघोळ, हे सांगितल्यावर प्रयागबाईने तोंडाला पदर लावला. अजबखान्यात हजारो वर्षांपूर्वीची मढी कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत आणि पोरंबाळं ती बघत भाकरीसारखं काहीबाही खात उभी असतात, हे सांगितलं. पाहुणे खुशीत होते. सोपानला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण कुंडलिकच्या प्रत्येक गोष्टीत तो स्वतः कुंपणाच्या बाहेर, गर्दीत, ओल्या बुटांनी उभा होता, आणि सोपानने त्याला कधीचं आत नेऊन बसवलं होतं. आता कुणीतरी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघणार, या विचाराने तो सारखा आत चुलीकडे बघू लागला.

"आन् तुझ्या जेवनाचं, ताटवाटीचं कोन बघायचं रं?" बनाबाईने विचारलं.

"पानं वाढलीत," सोपान ताडकन उठला. "चला, हात धुवा. निवायला नगं."

पंगत बसली. भिमाजी, संभाजी, गेणूमामा आणि शेजारच्या मळ्यातले दोघंतिघं. सोपान आग्रह करायला उभा राहिला. भागूबाईने पुरणपोळ्या अशा केल्या होत्या की पुरण बाहेरून दिसावं. गेणूमामाला पहिल्या घासाबरोबर हुक्की आली.

"नवऱ्या मुलाच्या हातचं तूप पडू द्या की पावण्यांच्या पोळीवं."

कुंडलिक लगेच उठला. त्याने तुपाचं भांडं घेतलं आणि तो वाढू लागला. कन्हेरीत वाढपी कसे वाढतात? धोतर खोचून, ओरडत, घाईने, अर्धं पानात अर्धं जमिनीवर. कुंडलिक एक हात पाठीशी धरून, डाव्या अंगाने वाकत होता, थेंब न सांडता, पाहुण्याच्या बोलण्यात खंड न पाडता. तूप झाल्यावर तो बसला नाही. आमटी घेऊन आला, कुरडया घेऊन आला. त्याला त्यात मजा वाटत होती. संभाजी राऊत कौतुकाने बघत होता, आणि सोपान डोळ्यांनी खुणावत होता, बस आता, खाली बस. कुंडलिकचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

भिमाजी पाटाच्या पाण्याच्या पाळीची गोष्ट सांगत होते. इंदापूरच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत वरचे कसे उपसून घेतात, ही त्यांची दुखरी गोष्ट होती आणि ती सांगायला त्यांना हात लागायचे. त्यांची पोळी संपली होती, भात यायचा होता. त्यांनी ताट बोटभर पुढे सारलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि मोकळ्या हाताने हवेत पाट काढायला सुरुवात केली.

कुंडलिक मागून आला, वाकला, एका हाताने ते ताट उचललं, मनगटावर टेकवलं, वाटी त्यात सरकवली आणि पुढच्या माणसाच्या ताटाकडे वळला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर हे झालं. त्याला ते आपण केलं हेसुद्धा कळलं नव्हतं.

पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट पंगत उठायच्या आधी उचलणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. त्यातून भात वाढायचा राहिलेला. वैऱ्याच्या घरीसुद्धा असं कुणी करत नाही. आणि हा मुलीचा बाप, घर बघायला आलेला.

भिमाजींचा हात हवेत तसाच राहिला. संभाजीने घास खाली ठेवला. शेजारची माणसं आपापल्या पानात बघू लागली. कुंडलिक ताट हातात घेऊन उभा होता, आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने सोपानकडे पाहिलं.

"दादा?"

एवढंच म्हणाला. त्याने शब्द दिला होता. दादाने सोडवलं असतं तर त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं आणि पाहुण्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. सोपानला ते समजलं. ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण उष्टी हा शब्द त्या ओठांतून बाहेर पडेना, आणि त्याच्या जागी दुसरंच पडलं.

"मनावं घिऊ नगा, राऊत. त्याला बरं न्हाय. परत आल्यापास्नं ताप येतोय अंगात, त्या भरात ध्यान ऱ्हात न्हाय त्याचं."

हे म्हणताना त्याला वाटलं आपण मोठी शिताफी केली. पण भिमाजींच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. त्यांनी संभाजीकडे पाहिलं. संभाजीने कुंडलिकच्या छातीकडे पाहिलं.

"ताप?" बनाबाई उंबऱ्यावरून उठली. "कसला ताप? कवापास्नं? त्या थंडीत छातीत काय बसलं बिसलं न्हाय न्हवं?"

"ताप येतोय आन् मला बोलला न्हाईस?" प्रयागबाई धडपडत बाहेर आली. तिने पाहुण्यांदेखत कुंडलिकच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. "गार हाय की ह्यो."

"मला काय झालं न्हाय, आय."

"मग सोपाना का म्हनतोय?"

कुंडलिक हातातल्या ताटाकडे बघू लागला. गेणूमामा, जो एरवी कुठेही मध्ये पडायचा, त्याने पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आता सगळे सोपानकडे बघत होते. त्याची स्वतःची आईसुद्धा, परक्या माणसाकडे बघावं तशी.

"सोपानराव," बनाबाई म्हणाली, "पोरगी द्यायची हाय आमाला. माझ्या हातावं वाढलीया ती. आजारी असंल तर आजारी म्हना, पर नीट सांगा."

सोपानने तोंड उघडलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"ताप न्हाय. ताप मी आत्ता म्हनलो." तो थांबला. "हाटेलात हुता त्यो तितं. उन्हाळ्यात. वाढायचा आन् गोऱ्यांची उष्टी काढायचा. खाणारानं हात थांबवला का ताट उचलायचं, अशी रीत हाय त्यांची. म्हनून हात गेला त्याचा."

मग गप्प राहवेना म्हणून, की लाज उतू चालली म्हणून, सोपान बोलतच राहिला. "बाईमाणसाचं काम. लोकांचं खरकटं धुयाचं. माझ्या भावाला त्ये करावं लागलं, ह्ये कुठल्या तोंडानं सांगू मी चार माणसांत? मेल्याहून मेल्यागत झालं मला."

आत चुलीपाशी पळीचा आवाज चालला होता, तो थांबला. सोपानच्या ते लक्षात आलं नाही.

"आन् राणीचं डाळिंब?" भिमाजींनी सावकाश विचारलं.

"त्ये न्हाय."

"मोटार?"

"न्हाय."

"जेवताना मागं उभं ऱ्हाणारं गोरं?"

"त्योच उभा ऱ्हायचा," सोपान म्हणाला. "गोऱ्यांच्या मागं."

शेजारच्या मळ्यातला एकजण फसकन हसला आणि त्याने ते हसू ठसक्यात लपवलं. सोपानला कळलं, की येत्या गुरुवारी अडत्याच्या ओट्यावर ही गोष्ट आपल्याआधी जाऊन बसलेली असेल. त्याला वाटलं, जमिनीत शिरावं. पण जमीन शेणाने नुकती सारवलेली होती, घट्ट होती, आणि तो सगळ्यांच्या समोर उभा होता.

बनाबाईने कुंडलिककडे मान वळवली. त्याच्या मनगटावर ताट अजून होतं.

"किती ताटं धरतोस रं एका हातावं?"

"चार," कुंडलिक म्हणाला. "वाट्या येगळ्या."

"पडलं न्हाय कवा?"

"पडलं की. पयल्याच दिवशी, एका म्हाताऱ्या सायबाच्या मांडीवं. मालकीण म्हनली, सगळी धुऊन झाल्याबिगर जेवायचं न्हाय. जेवलो तवा बाकीची झोपली हुती."

बनाबाईने भावाकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. ती इतकी थोडी हलली, की भिमाजींनाच दिसावी.

"ठीव त्ये ताट हितं," भिमाजी कुंडलिकला म्हणाले. "भात ऱ्हायलाय माझा."

कुंडलिकने ताट ठेवलं. पंगत पुन्हा जेवू लागली. कटाची आमटी आली, भात आला, संभाजीने समुद्राबद्दल विचारलं आणि कुंडलिकने सांगितलं, या वेळी काही न गाळता. हॉटेलातल्या बाईने शेवटच्या दिवशी त्याला डब्यात केक बांधून दिला होता, हेही सांगितलं. प्रयागबाईने डोळे पुसले. सोपान आग्रह करायला पुढे झाला, "घ्या की राऊत, आणखी एक पोळी," तेव्हा भिमाजींनी हाताने नको म्हटलं, अगदी अदबीने, वर न बघता.

जेवणं उरकल्यावर विडे झाले. संभाजीने पिशवीतून तबक काढलं, त्यात नारळ, हळदकुंकू, सुपारी आणि अडकित्ता. मुलाकडून सुपारी फोडायचा मान घरातल्या कर्त्याचा. वडिलांच्या माघारी बनकरांच्या घरात तो मान सोपानचा होता. बहिणीच्या लग्नाच्या वेळी त्यानेच फोडली होती. त्याने सदरा सारखा केला आणि हात पुढे केला.

भिमाजींनी तबक उचललं आणि ते सोपानच्या हातापलीकडून नेऊन गेणूमामाच्या पुढ्यात ठेवलं.

"मामा, तुमी फोडा."

"मी?" गेणूमामा म्हणाला. पण त्याचा हात अडकित्त्यावर गेलासुद्धा.

"दादानं फोडायची हाय," कुंडलिक म्हणाला. "दादाच कर्ता हाय आमचा."

"व्हय, बरोबर हाय." भिमाजी सोपानकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर सोपानला बरं वाटलं असतं. "सोपानराव, वाईट वाटून घिऊ नगा. तुमचा भाऊ मला पटला. आक्काला पटला. पर लग्नाची बोलणी म्हंजी शब्दावं चालतात, आन् तुमचा शब्द कुठं ठिवावा त्ये मला कळंना झालंय. हितनं फुडचं मी मामांशी बोलतो."

सोपानने आईकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल, निदान एकदा तरी म्हणेल, माझा थोरला हाय त्यो, असं त्याला वाटलं. प्रयागबाई आपल्या भावाकडे बघत होती.

"फोड गेणू," ती म्हणाली.

"फोडू द्या मामाला," सोपान म्हणाला, आधीच ठरलेलं असावं तसं. सुपारी फुटली. गूळ वाटला. कुंडलिकने पाया पडायला सुरुवात केली ती सोपानपासून, आणि सोपानने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याला आशीर्वाद म्हणून काय पुटपुटतात तेच आठवेना.

मग भिमाजी म्हणाले, चला, मोसंबी बघू तुमची. कुंडलिक, मामा, संभाजी, सगळे निघाले. मामा पुढे. सोपानला कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी चल असंही म्हटलं नाही. तो अंगणात थोडा वेळ थांबला. बागेतून कुंडलिकचा आवाज येत होता, फांदी कुठे छाटायची ते तो सांगत होता, आणि भिमाजी मधून मधून हसत होते.

तो घराला वळसा घालून मागे गेला. भागूबाई मोरीपाशी दगडावर बसली होती. पंगतीची ताटं तिच्या उजव्या हाताला रचलेली, राखेचं टोपलं पुढ्यात. ती काथ्याने ताटं घासत होती. सोपान भिंतीला टेकला. दिवसभरात पहिल्यांदा त्याला वाटलं, इथे तरी कुणी आपल्याला काही विचारणार नाही.

"सुपारी फुटली," तो म्हणाला.

"ऐकलं."

"मामानं फोडली."

"त्ये बी ऐकलं."

"लाज गेली माझी आज, भागे. गावात तोंड दाखवाया जागा उरली न्हाय."

भागूबाईने घासलेलं ताट बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. ते भिमाजींचं होतं, भाताची शितं कडेला चिकटलेली.

"कशाची गेली वो लाज?" तिने विचारलं. "खोटं बोलला त्याची, का भावजींनी उष्टी काढली त्याची?"

"दोनीची."

"उष्टी म्हनताना तोंड बघाया पायजे हुतं तुमचं. भावजींनी कुनाचा जीव घेतलाय आसं वाटलं मला आत." ती घासत राहिली. आवाज चढलेला नव्हता. "मी ह्या घरात आल्यापास्नं त्येच करतीया. तुमची काढती, मामंजींची काढली, त्यांच्या आजारपनात मांडीवं घिऊन काढली. आल्यागेल्याची काढती. आज राऊतांची. तवा माझी बी लाजच वाटत आसंल की तुमास्नी. मेल्याहून मेल्यागत."

"तसं न्हवं गं."

"मग कसं?"

सोपानने उत्तर शोधलं. बाजारात त्याला कधी शब्द शोधावे लागले नव्हते.

"तुझी गोष्ट येगळी," तो म्हणाला. "तू बाई हायस."

बोलून झाल्यावर ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. भागूबाईने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाटाचं पाणी आपल्या वाफ्यापर्यंत येणार नाही हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याने बघावं तसं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

तिने राख घेतली, ताटावर टाकली आणि काथ्या फिरवला. सोपान तिथेच उभा होता. उन्हं कलली होती आणि त्याची सावली तिच्या हातांवर पडली होती.

"जरा सरका तकडं," भागूबाई म्हणाली. "उजेड अडतोय."

सोपान सरकला.